उभं मशीन

लॅपटॉपचं बटण दाबायचं, स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवायचं, आलं किसायचं, चहा गाळून दोन कप भरायचे, एक माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, हातात द्यायचा आणि दुसरा घेऊन टेबलापाशी यायचं. तोवर पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरतच असायचं. दोन वर्षं माझी सकाळ अशी सुरू होत होती. सवय इतकी झाली होती, की चहाला लागणारा वेळ आणि लॅपटॉपला लागणारा वेळ हे मला एकच वाटू लागलं होतं.

तो २०१३च्या जूनमध्ये घेतला होता, शाळा उघडायच्या आठवड्यात. मी लिंबायतला महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. सुरतेची महापालिका सात भाषांमधून प्राथमिक शाळा चालवते: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. या शहराच्या यंत्रांवर कुठून कुठून माणसं आली, ते त्या शाळांच्या पाट्या वाचत गेलं तरी कळतं. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. आई-बाप खानदेशी, शेजारी उडिया, शेठ गुजराती. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, निकाल, स्नेहसंमेलनांची नाटुकली, सगळं त्या लॅपटॉपमध्ये होतं. शिवाय एक फाइल होती, जी मी कुणाला फारशी दाखवलेली नाही. तिचं नाव ‘खातं’. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात बोलले जाणारे शब्द मी अण्णांकडून आणि त्यांच्या सोबत्यांकडून ऐकून त्या फाइलमध्ये उतरवत आले. अहिराणीचं क्रियापद, गुजरातीचं नाम आणि इंग्रजी सुट्या भागाचं झिजलेलं नाव अशी ती बोली आहे. ती उधना-पांडेसराच्या बाहेर कुठे ऐकू येत नाही आणि कुठल्या कोशात सापडत नाही.

एका मोठ्या दुकानातल्या मुलानं लॅपटॉप उघडून न बघताच सांगितलं, “मॅडम, ह्याचं वय झालं. एक्स्चेंजमध्ये द्या.” घरी मुलगाही तेच म्हणाला, फक्त प्रेमानं. शिवाय विंडोज १०ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या, आणि विंडोज ११ला प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझा तिसऱ्या पिढीचा. म्हणजे तारीखही ठरली होती. दिवाळी आठवड्यावर आली होती.

दिवाळीत आमची गल्ली ओळखू येत नाही. खाती बंद होतात, कारीगर गावी निघतात, उधना स्टेशनवर पाय ठेवायला जागा उरत नाही. वर्षभर रात्रंदिवस भिंतींतून येणारा खडखडाट एका संध्याकाळी थांबतो आणि घरातले आवाज पहिल्यांदा ऐकू येतात. नळ, पंखा, भिंतीवरचं घड्याळ. त्या शांततेत मला लॅपटॉपच्या पोटातली बारीक टिकटिक ऐकू आली. अण्णांना ती ऐकू येणं शक्य नव्हतं. ते उठून आले आणि त्यांनी डावा तळहात कीबोर्डशेजारी, मनगट टेकतं तिथे, पालथा ठेवला. डोळे मिटले. मिनिटभरानं म्हणाले,

“हाऊ डबा म्हातारा नही शे. कोणनी तरी वाट देखी राहिना.”

हा म्हातारा नाही, कुणाची तरी वाट बघतोय.

अण्णा अमळनेर तालुक्यातले. १९७५ साली बावीस वर्षांचे असताना सुरत–भुसावळ लाइनीच्या गाडीत बसले आणि उधन्याला उतरले. वाटेत नवापूर लागतं. त्या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथून पुढे आपण कोण हे सारखं सांगावं लागलं, असं ते म्हणतात. अमळनेरचा आणि माझ्या टेबलावरच्या वस्तूचा एक जुना धागा मला फार उशिरा कळला. १९४५ साली तिथे वनस्पती तूप करणारी एक कंपनी सुरू झाली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावातली अक्षरं उचलून पुढे विप्रो हे नाव झालं आणि ती कंपनी संगणकांकडे वळली. अण्णांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. सांगाडा तोच, आतलं काम बदललं, असं त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

त्यांचं सुरतेतलं पहिलं मशीनच जुनं होतं. बिडाचा सांगाडा, त्यावर दोन-तीन मालकांनी आपापल्या वेळी मारलेल्या रंगांचे थर. शटल इकडून तिकडे, तिकडून इकडे, मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा, आणि प्रत्येक वेळी शटलला मारणाऱ्या दांड्याचा ठोका. एका शेडमध्ये अशी चाळीस मशीनं. हा आवाज कानाला किती होतो ते शब्दांत सांगता येत नाही, कानांवरूनच कळतं. आमच्या गल्लीतले साठी ओलांडलेले बहुतेक पुरुष मोठ्यानं बोलतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघतात. आतल्या कानात केसांसारख्या टोकांच्या बारीक पेशी असतात. सततच्या आवाजानं त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. यंत्राचा पिकर, म्हणजे शटलला धक्का देणारा तुकडा, झिजला तर शेठ दुसरा आणून देत होते. कारीगराच्या कानासाठी कापसाचे बोळेसुद्धा कुणी आणून दिले नाहीत. हे लिहिताना आजही माझा हात जड होतो.

कान गेले तसे अण्णा हातानं ऐकू लागले. मशीनच्या चौकटीवर तळहात ठेवला की कुठला भाग सैल झालाय ते त्यांना कळायचं. पुढे ते मास्टर झाले ते याच हातामुळे. खात्यात एक शब्दप्रयोग आहे, माझ्या फाइलमधला सगळ्यात पहिला: मशीन ‘उभं’ आहे. बंद मशीन वेगळं आणि उभं मशीन वेगळं. बंद म्हणजे वीज नाही, सुट्टी आहे, ताणा गुंडाळलेला बीम संपला आहे. उभं म्हणजे सगळं ठाकठीक आहे, मोटर फिरते आहे, माणूस हजर आहे, आणि तरी कापड पुढे सरकत नाही, कारण कुठल्या तरी एका भागासाठी बाकीचे सगळे खोळंबले आहेत. वाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटलाय, नाहीतर बॉबिन रिकामी झाली आणि भरलेली जवळ नाही. मजुरी मीटरवर. उभ्या मशीनचे पैसे मिळत नाहीत. म्हणून अण्णांचा पहिला प्रश्न कधीच ‘मशीन किती जुनं?’ असा नसायचा. “कोठे अडकनं ते देख,” एवढंच ते म्हणायचे.

मी अडलं कुठे ते बघायला बसले. मुलगा शेजारी बसला आणि आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला.

माझ्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिच्यावरून वाचणारं टोक एका लहानशा दांड्यावर असतं. ते तबकडीला टेकत नाही, केसाच्या जवळपास दहा हजाराव्या हिश्श्याइतकं अंतर राखून तरंगतं. हवी ती माहिती कुठे लिहिली आहे त्या वर्तुळापाशी आधी दांडा जातो, मग तबकडी फिरून ती जागा टोकाखाली येईपर्यंत थांबतो. दोन्ही मिळून साधारण पंधरा मिलिसेकंद. डोळ्याची पापणीसुद्धा इतक्यात लवत नाही. पण प्रोसेसरचा ठेका सेकंदाला अडीचशे कोटींचा. त्या पंधरा मिलिसेकंदांत त्याचे पावणेचार कोटी ठोके पडतात. एक तुकडा मागवायचा आणि पावणेचार कोटी ठोके थांबायचं, मग दुसरा तुकडा. संगणक सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे तबकडीवर विखुरलेल्या जागांवरून उचलावे लागतात. मला ऐकू आलेली टिकटिक त्या दांड्याच्या येरझाऱ्यांची होती.

दुसरी अडचण मेमरीची, चार जीबीची. अण्णांना ती एका वाक्यात कळली, कारण कारीगराच्या बाजूला भरलेल्या बॉबिनींचं टोपलं असतं. टोपलं मोठं असेल तर हात लांबवला की बॉबिन मिळते. लहान असेल तर दर थोड्या वेळानं गोडाऊनपर्यंत पळावं लागतं. २०१३ साली चार जीबीचं टोपलं पुरत होतं. नंतरच्या वर्षांत इंटरनेटची पानंच इतकी जड झाली, की टोपलं भरून वाहू लागलं. संगणक मग न मावणारा माल तात्पुरता हार्ड डिस्कवर, म्हणजे त्याच मंद तबकडीवर, ठेवून येऊ लागला आणि लागेल तसा परत आणू लागला. म्हणजे टोपलंही लहान आणि गोडाऊनचा रस्ताही चिखलाचा.

हिशेब संपला तेव्हा मुलगा गप्प झाला होता. प्रोसेसरचं वय झालेलं नव्हतं. बारा वर्षं तो बहुतेक वेळ उभाच होता.

सुरतेत दिवाळीनंतर दुकानं लाभपाचमीला उघडतात. त्याआधी पैशाचं काम कुणी काढत नाही. आम्ही लाभपाचमीच्या दुसऱ्या दिवशी रिंग रोडवरच्या एका जुन्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर गेलो. दुरुस्ती करणाऱ्या भाईंचं दुकान आठ बाय दहाचं असेल. काउंटरवर गुटगुटीत गणपती, नव्या वहीवर ओलं कुंकू, आणि टेबलावर एक चुंबकाचा पत्रा. त्यावर खडूनं लॅपटॉपचा आराखडा काढलेला होता. ज्या कोपऱ्यातला स्क्रू काढतील, आराखड्याच्या त्याच कोपऱ्यात ते ठेवत होते, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरचं प्लास्टिक फोडून बाहेर येतो. सामान कधीच जमिनीवर ठेवत नाहीत. २००६च्या ऑगस्टमध्ये तापीची रेल आली तेव्हा त्यांचं तळमजल्यावरचं दुकान गेलं होतं. पुराला रेल म्हणणारं हे शहर तेव्हापासून उंचीचा हिशेब करूनच वस्तू ठेवतं.

त्यांनी आधी बॅटरी काढली. मग चालू करायचं बटण दाबून धरलं, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून. खालचं झाकण उघडलं आणि पंख्याच्या तोंडाशी अडकलेला एक करडा पट्टा चिमट्यानं ओढून काढला. तो फाटला नाही. सलग निघाला, लोकरीच्या कापडासारखा.

“सुरतनी धूळमां दोरो होय, बेन.”

सुरतेच्या धुळीत दोरा असतो. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना खाती आहेत. साड्यांचे, पॉलिस्टरचे तंतू खिडकीतून येतात, पंख्यानं ते बारा वर्षं आत ओढले आणि हवेच्या वाटेवर त्यांचं कापड विणलं गेलं. त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडेना, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला जपायला ठेका कमी करून चालत राहिला. त्याच्या डोक्यावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. भाईंनी ती स्पिरिटनं पुसली आणि नव्या पेस्टचा मोहरीएवढा थेंब ठेवला. तेवढ्यावरही काम थोडं सुधारलं असतं.

मेमरीची पट्टी निवडताना त्यांनी डोळ्याला भिंग लावून लेबल वाचलं. डीडीआर-थ्री जातीची पट्टी दोन प्रकारची येते, दीड व्होल्टवर चालणारी आणि १.३५ व्होल्टवर चालणारी. लेबलावर फक्त शेवटच्या ‘एल’ अक्षराचा फरक. माझ्या लॅपटॉपसारख्या जुन्या मशीनला कमी व्होल्टची पट्टी बहुधा चालून जाते, पण कमी व्होल्टसाठी बनवलेल्या नंतरच्या मशीनमध्ये जुनी पट्टी घातली तर ते सुरूच होत नाही. पिढी चुकू नये म्हणून पट्टीच्या दातांच्या मधली खाच दर पिढीत थोडी सरकवलेली असते. चुकीची पट्टी बसतच नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याचा हात डोळ्यासमोर ठेवला होता, असं मला ती खाच बघून वाटलं. पट्टी तिरकी घातली, वरून दाबली, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी टक् करून धरली. चारची दोन पट्ट्यांत मिळून आठ जीबी झाली.

मग डिस्क. जुनी बाहेर आली आणि तिच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदीची, पण हातात काहीच नसल्यासारखी हलकी एसएसडी आत गेली. तिच्यात फिरणारं काही नाही. माहिती विजेच्या कणांच्या रूपानं सिलिकॉनच्या बारीक कप्प्यांत अडकवून ठेवलेली असते आणि कुठलाही कप्पा वाचायला मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ पुरतो. पावणेचार कोटी ठोक्यांची वाट अडीच लाखांवर आली. तरी माझं लक्ष वेगावर नव्हतं, जोडाच्या जागेवर होतं. साटा म्हणतात ती जोडणी २००३ पासूनची. सात पिनांचा माहितीचा भाग, पंधरा पिनांचा विजेचा. तबकडीसाठी केलेल्या त्या खाचेत, तबकडी नसलेली, वेगळ्याच तत्त्वावर चालणारी वस्तू खटकन बसली, कारण जागा कशी असावी हे अनेक कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं आणि पाळलं होतं. उधन्याला हेच चालतं. मशीन कुणाचंही असो, पिकर बाजारातल्या कुठल्याही दुकानातून आणला तरी बसतो. दुरुस्ती कौशल्यावर चालते हे खरं, पण त्याआधी ती अशा ठरलेल्या जागांवर चालते.

भाईंनी शेजारच्या टेबलावरचा एक नवा, वहीएवढा पातळ लॅपटॉप उघडून दाखवला. मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली. बॅटरी चिकटवलेली. खाच नाही, चिमटा नाही, झाकणाला साधा स्क्रू नाही. “आमां हुं हुं करुं, बेन?” यात मी काय करू, असं ते म्हणाले आणि त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा अपमान जास्त होता. मला तो अपमान समजला. ज्या वस्तूत हात घालायला जागा ठेवलेली नाही, ती वस्तू हातांना नको असं सांगते. पातळपणासाठी थोडं सोडावं लागतं हे मी समजू शकते. पण विकत घेतलेल्या वस्तूचं टोपलं मोठं करायचा हक्क मालकाला नसावा, हे मला पटत नाही. लॅपटॉप आयुष्यभर जेवढं प्रदूषण करतो त्यातला मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. म्हणजे तो टिकवणं हीच त्यातली खरी बचत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केलं. एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. कचरा उचलण्याचे नियम हवेतच. पण मला खाचेचा नियम हवा आहे. मेमरी आणि बॅटरी बदलता येईल अशीच असावी, एवढं एक वाक्य कुणीतरी कायद्यात लिहावं.

परतताना अण्णांना मी हे सगळं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. रिक्षावाला वळून बघत होता. अण्णा म्हणाले, लूमचंही असंच. सुरतेत जुन्या लूमचे दोन शेवट होतात. एक, भंगारात किलोनं जाणं. गेल्या दहा वर्षांत अण्णांनी हातानं चालवलेली मशीनं ट्रकमध्ये उलटी पडलेली पाहिली आहेत, आणि त्यांच्या जागी वॉटरजेट आलेली. दुसरा, आहे त्याच मशीनला जागच्या जागी नवे भाग बसवणं. त्यासाठी सरकारची योजनाही होती. १ एप्रिल २०१७ला पॉवरटेक्स इंडिया या नावाखाली ती पुढे आली. साध्या लूमवर काय बसवायचं त्याची यादी होती: वाणा तुटला की मशीन थांबवणारी यंत्रणा, ताण्याचा धागा तुटला की थांबवणारी यंत्रणा, बीमवरून ताणा सारखा सोडणारी यंत्रणा, चांगला ब्रेक. या यादीत वेग वाढवणारं जवळजवळ काही नाही हे अण्णांनी मला दाखवून दिलं. मशीन वेळेवर थांबावं आणि उगाच उभं राहू नये, एवढ्यासाठीच ती सगळी जोडणी.

सुरतेच्या साडीवरची नक्षीही अशाच एका जोडणीतून आली आहे. जॅकार्ड हे लूम नाही. लूमच्या डोक्यावर बसवायचा तो एक जोड आहे. जोसेफ मारी जॅकार्ड यांनी तो फ्रान्सच्या लिओं शहरात १८०४च्या सुमारास तयार केला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. हीच पुठ्ठ्याची कल्पना घेऊन चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राचा आराखडा केला आणि १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी भोकांची कार्डं मोजली. लूम हा संगणकाचा पूर्वज, हे पुष्कळदा सांगितलं जातं. मला त्यातली छपराची गोष्ट जास्त आवडते. हातमाग तोच ठेवून जॅकार्ड वर चढवला तेव्हा लिओंच्या विणकरांच्या घरांत तो मावेना. म्हणून क्रुआ-रूस टेकडीवर त्यांच्यासाठी चार-चार मीटर उंच छताच्या इमारती उभ्या राहिल्या. मागाला धक्का लागला नाही, घर उंच झालं. पांडेसऱ्यात जॅकार्डची खातीही तशीच उंच छपरांची असतात. लहानपणी अण्णांचा डबा घेऊन गेले की मी मान वर करून ती पुठ्ठ्यांची माळ बघत राहायचे. एखादा पुठ्ठा फाटला की त्या ओळीतला मोराचा डोळा जायचा, आणि अण्णा शिडीवर चढून पूर्ण मशीन न उघडता तेवढा एकच पुठ्ठा बदलायचे.

रिक्षातून उतरताना त्यांनी आणखी एक सांगितलं, ते इथे लिहून ठेवते. ‘जुनं ते सोनं’ असं शेठ कधी म्हणाले की अण्णांना राग यायचा. सोनं कपाटात ठेवतात. मशीनला काम लागतं.

विंडोजऐवजी मुलानं लिनक्स मिंट घातलं. त्या संध्याकाळी बटण दाबलं आणि मी सवयीनं उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले तोच त्यानं हाक मारली, “आई, झालं.” मी परत आले. आधण ठेवायचं राहूनच गेलं.

पण मग ‘खातं’ उघडलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. सुरुवातीच्या सगळ्या पानांवर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांचा खच. फाइलचा पहिला भाग मी जुन्या, युनिकोडपूर्व धाटणीच्या मराठी फाँटात टाइप केला होता. त्या फाँटात ‘क’ हे अक्षर खरं म्हणजे ‘क’ नसतंच. आत एखादं इंग्रजी अक्षर असतं आणि त्याला ‘क’चा मुखवटा घातलेला असतो. मुखवटा सोबत नसेल तर आतलं तेच दिसतं. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्वतःची जागा मिळाली होती, प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक, साटाच्या खाचेसारखा. आम्ही कितीतरी वर्षं ती जागा वापरली नाही, कारण छापखाने, कार्यालयं, शाळा आपापल्या मुखवट्यांना सरावल्या होत्या. मराठीत आजही कितीतरी घरांत, संस्थांत लिहून ठेवलेलं असं पडून असेल, आणि ज्या दिवशी जुना संगणक जाईल त्या दिवशी ते वाचता येणार नाही. लोखंडाचे भाग बदलायला एक दुपार पुरली. अक्षरांना दोन महिने लागले. फाँट-परिवर्तकानं बहुतेक ओळी उलगडल्या, पण जोडाक्षरं, रफार आणि अहिराणीतलं ‘ऱ्ह’ मला एकेक बघून दुरुस्त करावं लागलं. काही ठिकाणी मूळ शब्द कुठला होता हेच कळेना. मग अण्णांच्या समोर बसून, ओठ मोठे हलवून, मी पुन्हा विचारत गेले. बॉबिन भरणाऱ्या बाईला काय म्हणायचे? ताक्यातल्या डागाला? रात्रपाळीच्या दोन वाजताच्या चहाला?

जुन्या डिस्कवरच्या बाकीच्या सगळ्या वस्तू अजून उतरवायच्या होत्या. भाईंनी ती एका प्लास्टिकच्या डबीत घालून तिला यूएसबीची वायर लावून दिली होती. डिसेंबरातल्या एका रविवारी मी ती जोडली आणि बारा वर्षांचं सगळं नव्या डिस्कवर उतरायला लावलं. पडद्यावर दोन तास दाखवत होतं.

अण्णा आले. नेहमीच्या सवयीनं त्यांनी डावा तळहात लॅपटॉपवर, कीबोर्डशेजारी ठेवला. थांबले. हात जरा सरकवला, पुन्हा थांबले.

“बंद शे का?”

मी पडदा दाखवला. चालू होता. पण तळहाताला काहीच लागत नव्हतं. थंडीमुळे पंखाही फिरत नव्हता. त्यांनी हात उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा हवेत धरला. मी डबी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांच्या बोटांनी ती सगळीकडून चाचपली, मग तळहात तिच्यावर बसला, आणि डोळे मिटले.

“चालू शे,” ते म्हणाले.

खुर्ची ओढून ते माझ्या शेजारी बसले, डबी मांडीवर, हात तिच्यावर. बाहेर दोन्ही खात्यांची मशीनं चालू होती. मी फाइल उघडली आणि दांड्याच्या ठोक्याला काय म्हणायचे ते विचारलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, त्यामुळे माझे ओठ त्यांना दिसले नसणार. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दोन तास संपेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.